जुन्या ‘के’ प्रोसेसरला बोर्ड कोणता?

इंटेलचा कोअर आय५-२५००के २०११ मध्ये आला. त्याचा मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ गुणिले ३३. ‘के’ म्हणजे हा ३३चा गुणक बदलता येतो; तो वाढवला की झालं ओव्हरक्लॉकिंग.

● चिपसेट: पी६७, झेड६८ किंवा झेड७७ घ्या. एच६१ स्वस्त पडतो, पण त्यावर सहसा गुणक वाढवता येत नाही.

● वीजपुरवठा: सॉकेटशेजारच्या व्हीआरएमवर (सीपीयूचं व्होल्टेज नियंत्रित करणाऱ्या भागावर) हीटसिंक हवाच, सीपीयूसाठी आठ पिनांचा कनेक्टर असल्यास उत्तम.

● सेकंडहँड घेताना: सॉकेटवर तिरका टॉर्च मारून बघा. एकही पिन वाकलेली नको, एकाही कपॅसिटरचं डोकं फुगलेलं नको.

● सुरुवात: गुणक एकेक पायरीने वाढवा, तापमानावर लक्ष ठेवा. सेकंडहँड बोर्ड घेऊन वाचलेले पैसे चांगल्या कूलरवर खर्च करा. ते सत्कारणी लागतील.