आधी खेळ, मग कसरत, शेवटी विसावा

मराठीत तालीम म्हणजे आखाडा आणि उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. शब्द एकच. दोन्ही भाषा शिकवताना आम्हाला वाटते की दोन्ही अर्थ खरे आहेत, कारण शरीर घडवणे हेही शिक्षणच आहे. जुन्या तालमीत पोराला आल्याआल्या कुस्तीला सोडत नसत. आधी जोर-बैठका, अंगाला घाम, मग माती. कोलांटउडी, कमान, हातांवर उभे राहणे शिकणाऱ्या आजच्या मुलामुलींनाही हाच नियम लागू आहे.

पालकांच्या दोन तक्रारी आम्ही नेहमी ऐकतो. एक, "पहिली पंधरा मिनिटं नुसते पळापळी खेळतात, मग सर फी कशाची घेतात?" दुसरी काही महिन्यांनी येते, "मुलगी म्हणते पाय दुखतात, आता जायचं नाही." या दोन तक्रारींचा एकमेकींशी संबंध आहे. जिथे सुरुवातीचा खेळ वेळखाऊ म्हणून वगळला जातो आणि थंड अंगाने थेट स्प्लिट करायला लावतात, तिथे स्नायू ओढला जातो, मूल घाबरते आणि खेळ सुटतो. एकदा सुटला की मुलींच्या बाबतीत तो बहुधा कायमचा सुटतो.

आपल्या भागात तर याची जास्तच गरज आहे. लोणावळा समुद्रसपाटीपासून ६०० मीटरांहून उंच आहे आणि वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस झेलतो. जून ते सप्टेंबर मैदान चिखलात, मुले घरात, फरशी गार, अंग आखडलेले. वर्गात आलेल्या मुलाचे स्नायू जागे व्हायला दहा-पंधरा मिनिटे द्यावीच लागतात. ती सरळ रांगेत उभे राहून आकडे मोजण्यात घालवली तर मूल कंटाळते. आपल्या गल्लीतले खेळ तेच काम हसतखेळत करतात.

पहिला खेळ विष-अमृत. राज्य घेणाऱ्याने 'विष' दिले की गोठायचे, सवंगड्याने 'अमृत' दिले की सुटायचे. नियमात थोडा बदल करा : गोठणाऱ्याने एका पायावर उभे राहायचे. पळण्याने अंग तापते आणि थांबण्याने तोल शिकला जातो.

दुसरा, प्राण्यांच्या चाली. पावसाळ्यात मावळच्या ओढ्यांत खेकडे कसे चालतात हे मुलांना सांगावे लागत नाही. पोट वर, हात-पाय जमिनीवर, अशी खेकड्याची चाल. मग अस्वल, मग बेडूक. जिम्नॅस्टिकमध्ये शरीराचे वजन हातांवर येते, म्हणून मनगटे आणि खांदे आधी तयार हवेत. ते काम खेकडा आणि अस्वल करतात.

तिसरा, 'शिवाजी म्हणतो'. शिवाजी म्हणतो, मनगट फिरवा. शिवाजी म्हणतो, घोटा फिरवा. नुसते "मान वळवा" म्हटले आणि कोणी वळवली, तर तो बाद. एकेक सांधा मोकळा होतो आणि कानही तयार होतात. कसरतीत सूचना नीट ऐकणे हीच अर्धी सुरक्षितता.

चौथा, तळ्यात-मळ्यात. इथे एक अट घाला : उतरताना मांजरासारखे उतरायचे, पावलांचा आवाज आला तर बाद. आवाज टाळायचा तर गुडघे आपोआप वाकतात आणि उडीनंतर सुखरूप उतरण्याची सवय लागते.

या वेळी शरीर हलते ठेवायचे. एकाच ताणात अर्धा-एक मिनिट थांबून राहणे उडीआधी नको, त्याने काही काळ स्नायूंचा जोर कमी होतो. असे ताण शेवटासाठी राखावेत.

शेवटच्या दहा मिनिटांकडे बहुतेकांचे लक्षच नसते. मगरिबची वेळ होत आलेली असते, रिक्षा दारात उभी असते आणि मूल धापा टाकत घरी निघते. त्याऐवजी आम्ही सुचवतो तो खेळ पुणे-लोणावळा लोकलचा. सगळ्यांनी रांगेत गाडी करायची. तळेगावहून गाडी जोरात सुटते, वडगावला वेग उतरतो, कान्ह्याला साधी चाल होते. कामशेतला थांबा : बसून पाय पुढे पसरायचे, हात पावलांकडे न्यायचे आणि वीस आकडे म्हणायचे. मळवलीला दुसरा थांबा : तळवे एकमेकांना चिकटवून फुलपाखरासारखे बसायचे, पुन्हा वीस आकडे. लोणावळा आले की गाडी रिकामी, सगळे चटईवर उताणे.

आता 'चिक्की आणि गूळ'. "चिक्की" म्हटले की मुठी, दंड, पाय सगळे कडक करायचे. "गूळ वितळला" म्हटले की सैल सोडायचे. चार-पाच वेळा झाले की गोंगाट करणारे मूलही शांत होते. शेवटी तळहातावर पीस ठेवले आहे असे समजून ते उडू न देता हळू श्वास सोडायचा. श्वासाची ही किंमत या गावाला जुनी ठाऊक आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि श्वास व आसनांचे शरीरावरचे परिणाम तिथे शास्त्रीय पद्धतीने तपासले जाऊ लागले.

पालकांनी एक गोष्ट मात्र ठामपणे सांगावी : कोणीही मुलाच्या पाठीवर बसून किंवा खांदे दाबून स्प्लिट करून घेऊ नये. वाढत्या वयात हाडांच्या टोकाशी मऊ कूर्चा असते आणि हाड तिथूनच वाढते. ताण जाणवणे ठीक, टोचणारे दुखणे नाही. मूल "बस" म्हणाले की थांबायचे. मनगट किंवा टाच दोन-चार दिवसांत बरी झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवायचे.

आता कपड्यांचा प्रश्न, कारण आपल्या घरांत तो पहिला असतो. पूर्ण बाह्या आणि पूर्ण पायांचा अंगाबरोबरचा पोशाख खेळाच्या आड येत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली जर्मनीच्या मुलींचा संघ घोट्यापर्यंतच्या पोशाखात उतरला आणि तो आंतरराष्ट्रीय नियमांना धरूनच होता. सरावात सैल सलवार आणि लोंबणारी ओढणी धोक्याची, त्यात पाय अडकतो. डोके झाकायचे असेल तर पिन नसलेला, डोक्यावरून चढवायचा स्कार्फ घ्यावा. बांगड्या-अंगठ्या काढून ठेवाव्यात. रोजा असलेल्या मुलांनी रमजानमध्ये जोराची कसरत टाळावी, हलके ताण पुरे.

वर्ग नसला तरी हे सगळे घरी जमते. असर ते मगरिब यांमधला अर्धा तास, चटई आणि सरकवलेले फर्निचर एवढेच लागते. विष-अमृतात अम्मीने राज्य घ्यावे, लोकलचे स्टेशन दादीने पुकारावे. उलट्या उड्या आणि हातांवर उभे राहणे मात्र प्रशिक्षकासमोरच, गादीवरच. पुढच्या वेळी मुलीला वर्गाला सोडाल तेव्हा दहा मिनिटे थांबा आणि फक्त सुरुवात पाहा. मुले हसत पळत असतील, तर तुमची फी वसूल होत आहे.