न दुखणारा आजार

पायात काटा रुतला की आपण तो लगेच काढतो, कारण तो दुखतो. उच्च रक्तदाब मात्र बहुधा दुखत नाही. म्हणूनच तो धोक्याचा आहे.

हृदय रक्त पुढे ढकलते, तेव्हा रक्तवाहिन्यांवर आतून दाब पडतो. हाच रक्तदाब. मोठ्या माणसाचा रक्तदाब पुन्हा पुन्हा मोजूनही १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. तो अनेक वर्षे तसाच राहिला, तर हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडे यांना इजा होते. कधी अचानक लकवाही होतो.

खेड्यातील मजूर म्हणतो, "मला काहीच त्रास नाही. मग तपासणीसाठी एक दिवसाची मजुरी का बुडवू?" दादी म्हणते, "आता बरे वाटते," आणि गोळ्या बंद करते. दोघांची चूक एकच आहे. हा दाब अंगाला कळत नाही. तो मोजावाच लागतो. गोळ्या सोडल्या की तो पुन्हा वाढतो. घरातील कमावत्या माणसाला लकवा झाला, तर किती दिवसांची मजुरी बुडेल बरे?

सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब मोफत मोजतात व गोळ्याही मोफत देतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नयेत. तंबाखू सोडावी. मीठ कमी खावे. एका माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान चमचाभरही नाही, एवढे मीठ पुरे. लोणचे, पापड आणि खारवलेली मासळी यांतले मीठही त्यातच धरावे.

आज घरी गेल्यावर अब्बा-अम्मी, दादा-दादी यांना विचारा, "तुमचा रक्तदाब कधी मोजला होता?" तुमचा हा एक प्रश्न घरातील एखादा जीव वाचवू शकेल.