रॅलीला गाडी काढताय? बडा गणपती ते धुळे : गाडीचा, माणसांचा आणि कागदांचा हिशेब

इंदूर : नवी गाडी घेतली की ती आधी गणपतीपुढे न्यायची, नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं, ही रीत इंदुरातही आहे आणि धुळे-जळगावातही. मल्हारगंज भागातली बडा गणपतीची सुमारे २५ फुटी शेंदरी मूर्ती इंदूरच्या मराठी घरांना पिढ्यानपिढ्या ओळखीची. पण लांब पल्ल्याच्या रॅलीत भाग घ्यायचा म्हटलं, की लिंबाच्या पुढची तयारी सुरू होते. ती गाडीची कमी आणि माणसांची जास्त असते, हे पहिल्यांदा उतरणाऱ्यांना बहुतेक वेळा अर्ध्या वाटेत कळतं.

ही तयारी समजून घ्यायला आपण एक नमुना मार्ग धरू. बडा गणपती चौकातून निघायचं, गंगवाल बसस्थानक, फूटी कोठी करत राऊला आग्रा-मुंबई रस्त्याला लागायचं. पुढे महू, मानपूर, गणपती घाट, धामनोद, खलघाटला नर्मदा, मग ठीकरी, जुलवानिया, सेंधवा, बिजासन घाट, आणि हद्द ओलांडून पळासनेर, शिरपूर, धुळे. सगळा डांबरी किंवा काँक्रीटचा रस्ता, अडीचशे किलोमीटरच्या आसपास.

रॅली म्हणजे रेस नव्हे

रॅली म्हटलं की धूळ उडवत पळणारी गाडी डोळ्यांपुढे येते. ती बंद रस्त्यावरची वेगाची रॅली. तिथे रस्ता पोलिस बंद करतात, गाडीत लोखंडी पिंजरा असतो, अंगात आग न लागणारा पोशाख असतो. घरची गाडी घेऊन सामान्य माणूस उतरतो ती 'टीएसडी', म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स रॅली. रस्ता वाहता असतो, ट्रक-बस-ट्रॅक्टर सगळे सोबत. आयोजक टप्पे आणि त्यांचा सरासरी वेग ठरवून देतात, आणि तुम्ही ठरल्या सेकंदाला ठरल्या जागी पोहोचायचं. उशीर झाला तर दंडाचे गुण, आणि लवकर पोहोचलात तरी दंड. अनेक स्पर्धांत लवकर येण्याचा दंड उशिरापेक्षा जास्त ठेवतात, म्हणजे कुणी गाडी पळवू नये.

साधं उदाहरण घ्या. पहिला टप्पा २४ किलोमीटरचा, सरासरी ताशी ३६. म्हणजे ४० मिनिटं. दुसरा ४५ किलोमीटरचा, सरासरी ५४. म्हणजे ५० मिनिटं. सहाला निघालेली गाडी ६.४० ला पहिल्या आणि ७.३० ला दुसऱ्या ठिकाणी हवी. कागदावर सोपं आहे. मध्ये रेल्वे फाटक, बैलगाडी किंवा टोलची रांग आली की सोपं राहत नाही. तपासणीची ठिकाणंही आधी सांगत नाहीत, म्हणून शेवटी वेळ भरून काढू, असं चालत नाही. सरासरी सगळ्या वाटेवर सांभाळावी लागते.

मीटर खोटं बोलतो

गाडीतला किलोमीटरचा मीटर थोडा मागे-पुढे असतोच. टायर झिजलेला, हवा कमी, टायरचा आकार बदललेला, या सगळ्याने फरक पडतो. म्हणून रॅलीच्या सुरुवातीला आयोजक एक मोजलेला पट्टा देतात. समजा तो २० किलोमीटरचा आहे आणि तुमच्या मीटरने २०.४ दाखवले. याचा अर्थ तुमचा मीटर शंभराला दोन जास्त सांगतो. मीटरवर १५० दिसतील तेव्हा खरं अंतर १४७ च्या जवळपास असेल. ताशी ५४ च्या वेगाला हे जवळजवळ तीन किलोमीटर म्हणजे १९६ सेकंद. सेकंदाला एक गुण दंड धरला तर एका न तपासलेल्या मीटरपायी १९६ गुण गेले. तेही गाडीत काहीही बिघाड नसताना.

म्हणून रॅलीच्या आठवडाभर आधी टायर बदलायचे असतील तर बदला, हवा ठरवा, आणि मग मीटर तपासा. तपासल्यावर टायर बदलले तर सगळा हिशेब पुन्हा.

टायर आणि ब्रेक : इथे कंजुषी नको

टायरची हवा गाडी थंड असताना भरायची. किती, ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरच्या कडेवर जो आकडा असतो तो जास्तीत जास्त मर्यादा सांगतो, तो भरायचा आकडा नव्हे. चालून गरम झालेल्या टायरमध्ये हवा वाढलेली दिसते, ती काढून टाकू नका. थंड झाल्यावर तीच कमी पडेल. टायरच्या कडेवर चार आकड्यांचा एक शिक्का असतो. २३२२ असेल तर तो टायर २०२२ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. खाचा १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरल्या असतील तर तो टायर कायद्यानेही बाद. हे सगळं स्टेपनीलाही लागू. बऱ्याच गाड्यांत स्टेपनी वर्षानुवर्षं डिकीत निजलेली असते आणि गरजेला बाहेर काढली की बसलेली निघते.

आता ब्रेक. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, आणि माळव्याचं पठार मानपूरच्या पुढे गणपती घाटात एकदम निमाडात उतरतं. हा उतार ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. पुढे सेंधव्यानंतर बिजासन घाटही तसाच. ४ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातून धुळ्याकडे येणारा एक ट्रक ब्रेक निकामी होऊन पळासनेरला रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसं गेली. त्याच्या आदल्या वर्षी, १८ जुलै २०२२ ला, इंदूरहून अमळनेरला निघालेली एसटी खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली होती. या रस्त्यावर गाडी काढताना हे विसरून चालत नाही.

ब्रेक उतारावर का जातात? सतत पाय दाबून ठेवला की पॅड आणि डिस्क तापतात. उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत जाते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट-४ ऑइल २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा धरलेलं तेच ऑइल १५५ अंशांच्या आसपास उकळू शकतं. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचं, आणि रॅलीआधी तर बदलायचंच. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची, ब्रेक थोडा दाबून सोडायचा. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतर.

बाकी यादी छोटी आहे : बॅटरी, कूलंट, पंख्याचा पट्टा, वायपर, सगळे दिवे. टूलमध्ये जॅक, पाना, टो-दोरी, टॉर्च, ट्यूबलेस पंक्चर किट, रिफ्लेक्टर त्रिकोण आणि प्रथमोपचार पेटी. जड सामान खाली आणि बांधून. मागच्या काचेखाली ठेवलेली पाण्याची बाटली जोरात ब्रेक लागला की डोक्यात बसते. रॅलीसाठी म्हणून पुढे लोखंडी बुल-बार लावून घेऊ नका, खासगी गाड्यांना त्याची मनाई आहे. आणि एक नियम पक्का ठेवा : गाडीत कोणताही नवा भाग शेवटच्या दोन दिवसांत बसवायचा नाही. बसवलाच तर आधी शंभरेक किलोमीटर चालवून बघायचं.

दोन खुर्च्या, दोन कामं

टीएसडीत गाडी ड्रायव्हर चालवतो, पण रॅली नॅव्हिगेटर खेळतो. त्याच्या हातात रोडबुक असतं. त्यात प्रत्येक वळणाचं छोटं चित्र, तिथपर्यंतचं अंतर आणि सूचना. मोबाइलचा नकाशा इथे कामाचा नाही. नॅव्हिगेटरने वळण आल्यावर नाही, आधी सांगायचं : 'पाचशे मीटरवर डावीकडे, देवळाशेजारून.' ड्रायव्हरने ते तोंडाने परत म्हणायचं. 'हं' म्हटलेलं चालत नाही. ऐकलं की समजलं, हे 'हं' वरून कळत नाही.

नवरा-बायको, दीर-भावजय, मामा-भाचा अशा जोड्या बऱ्याच असतात. भांडणं होतात. त्यावर एकच उपाय : गाडी चालवण्याबद्दल शेवटचा शब्द ड्रायव्हरचा, रस्ता आणि वेळेबद्दल नॅव्हिगेटरचा, हे घरून निघण्याआधी ठरवून टाका. चुकलं तर कुणाचं चुकलं याचा निकाल धुळ्याला पोहोचून लावा. आणि आदल्या दोन रविवारी सरावाला निघा. सिमरोल किंवा देपालपूरच्या रस्त्यावर चाळीसेक किलोमीटर पुरे.

झोप हा तयारीचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. सतरा-अठरा तास सलग जागा असलेला माणूस चाचण्यांमध्ये रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसासारखा वागतो. आपल्या कायद्यातली मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे आदल्या रात्री साडेबारापर्यंत सराफ्यात गराडू आणि जोशी दहीवडा खाऊन पहाटे पाचला बडा गणपतीवर उभा राहिलेला ड्रायव्हर कायद्याने शुद्धीत असतो, गाडी चालवायच्या लायक असेलच असं नाही. सकाळी पोटभर पोहे-जिलेबीही धुळ्याला पोहोचेपर्यंत राखून ठेवा. थोडं थोडं खा, पाणी प्या, दर दोन तासांनी पाय मोकळे करा. तिघं असाल तर तिसऱ्याला गाडी चालवता आली पाहिजे.

लांब पल्ल्यात माणूस आणि गाडी टिकवणाराच शेवटी पुढे येतो, याचं मोठं उदाहरण १९६८ सालचं. लंडनहून सिडनीला निघालेली ती मॅरेथॉन रॅली दिल्लीहून मुंबईला आली होती, आणि तिथून गाड्या बोटीने ऑस्ट्रेलियात गेल्या. लंडनहून ९८ गाड्या निघाल्या, मुंबईत ७२ पोहोचल्या. शेवटच्या दिवशी पुढे असलेली ल्युसियाँ बियांची यांची सित्रोएन सिडनी जवळ आलेली असताना समोरून आलेल्या गाडीवर आदळली. जिंकली ती अँड्र्यू कोवान, कॉलिन मॅल्किन आणि ब्रायन कॉइल या तिघांची हिलमन हंटर. सगळ्यात वेगवान म्हणून तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं, पण ती शेवटपर्यंत धड राहिली.

विमा : सगळे वाचत नाहीत ते पान

आता पैशांचा भाग. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत 'वापराची मर्यादा' म्हणून एक परिच्छेद असतो. भाड्याने देणं, रेसिंग, वेगाच्या चाचण्या यांच्याबरोबर तिथे 'रिलायबिलिटी ट्रायल' असाही शब्द असतो. म्हणजे ठरल्या वेळेत ठरला रस्ता पार करण्याची स्पर्धा. टीएसडी रॅली याच खान्यात धरली जाऊ शकते. संपूर्ण विमा भरलेला असला तरी रॅलीदरम्यानच्या अपघाताचा दावा या एका शब्दावर अडकू शकतो.

यावर सोय आहे. पॉलिसीला जादा प्रीमियम भरून 'आयएमटी ३१' हे रॅलीसाठीचं कलम जोडून घेता येतं. त्यात रॅलीचं नाव, ठिकाण, तारीख आणि आयोजक लिहिलेले असतात. वेगाच्या शर्यतीला ते लागू नाही. विमा कंपनीला रॅलीच्या पंधरा दिवस आधी लेखी पत्र द्या आणि उत्तर लेखीच घ्या. एजंटाने फोनवर 'काही होत नाही हो' म्हणणं म्हणजे संरक्षण नव्हे. आठ-दहा लाखांची गाडी आणि समोरच्याची भरपाई, दोन्ही तुमच्या खात्यावर येऊ शकतात.

परवानगीचंही तसंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास एक वर्ष किंवा १० हजारांपर्यंत. टीएसडी ही शर्यत नसली तरी आयोजकांकडे प्रशासनाची परवानगी आहे का, आणि मार्ग दोन राज्यांतून जात असेल तर दोन्हीकडची आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा. देशातल्या मोटार स्पर्धांची मान्यताप्राप्त संघटना म्हणजे एफएमएससीआय. तिची मान्यता आहे का, तेही विचारा. पावती, नियमपुस्तिका आणि परवानगीची प्रत न दाखवणाऱ्या व्हॉट्सअॅप ग्रुपच्या 'रॅली'पासून लांब राहिलेलं बरं.

वाटेत काही झालं तर

पंक्चर झालं आणि बारा मिनिटं गेली, तर ती गेली. घाटात गाडी ताणून ती परत मिळवायची नाहीत. नियमपुस्तिकेत जास्तीत जास्त उशिराची मर्यादा दिलेली असते, तिच्या आत राहिलात तरी रॅलीत आहात. तिच्या बाहेर गेलात तरी घरी पोहोचणारच आहात. गाडी रस्त्याच्या पूर्ण कडेला घ्या, त्रिकोण मागे लांबवर ठेवा, माणसं कठड्यापलीकडे उभी करा. राष्ट्रीय महामार्गाची मदत १०३३, रुग्णवाहिका १०८, पोलिस ११२. हे तिन्ही नंबर दोन्ही राज्यांत चालतात. घाटात नेटवर्क जातं, म्हणून ते रोडबुकच्या पहिल्या पानावर पेनाने लिहून ठेवा.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी करायचं एवढंच : टाकी भरा, फास्टॅगमध्ये पैसे आहेत ते बघा, लायसन्स, आरसी, पीयूसी, विम्याची आणि त्या जोडकलमाची प्रत एका पिशवीत ठेवा. गाडीला एक चक्कर मारून चारही टायर आणि स्टेपनी बघा. मग मोबाइल बाजूला ठेवून नऊ वाजता झोपा. नारळ सकाळी फोडता येतो.