मलविया मिनाराचा चढ व त्याचा संगणकीय आराखडा

वक्र पृष्ठभागावरून वर जाणारा मार्ग उताराचा असो वा पायऱ्यांचा, त्याचें रूप थोड्याच मानांवरून ठरतें : त्रिज्या, मार्गाची रुंदी, एका फेऱ्यांतील चढ व फेऱ्यांची संख्या. हीं मानें व त्यांचे परस्परसंबंध संगणकास सांगितले म्हणजे तो आकृति उत्पन्न करितो. एक मान बदलतांच सर्व मार्ग नव्यानें मांडतो. यासच पॅरामेट्रिक आराखडा म्हणतात. जुन्या वास्तूंच्या अभ्यासकांस त्याचा उपयोग कितपत व त्यांत धोका कोणता, हें इराकांतील समारा येथील मलविया मिनारावरून दाखवितों.

अब्बासी खलीफा मुतवक्किल याच्या कारकीर्दींत, इ. स. ८४८ ते ८५२ च्या सुमारास, तेथील मोठी मशीद बांधली गेली. तिच्या उत्तरेस सुमारें ५२ मीटर उंचीचा हा विटांचा मिनार आहे. सुमारें २.३ मीटर रुंदीचा चढता मार्ग त्याच्या बाहेरून, घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें, पांच फेरे घेऊन वर जातो. क्रेसवेल यांच्या मोजणीप्रमाणें प्रत्येक फेऱ्यांतील चढ ६.१० मीटर, म्हणजे सारखाच आहे; परंतु मिनार निमुळता होत गेल्यानें फेऱ्याची लांबी घटते व मार्ग अधिकाधिक खडा होतो. केवळ हिशेबाकरितां त्रिज्या १० मीटर धरली, तर फेरा ६२.८ मीटर व चढ सुमारें दहांत एक. ५ मीटर धरली, तर फेरा ३१.४ मीटर व चढ पांचांत एक.

आतां संगणकास उलट नियम द्यावा, कीं खडेपणा सर्वत्र सारखा ठेव. मग त्या वरच्या फेऱ्याची उंची निम्मी होते व भलताच मिनार उभा राहतो. दिसण्यांत दोन्ही आकृति सारख्याच सुबक !

पायऱ्यांच्या बाबतींत आणखी एक अडचण आहे. बाहेरील त्रिज्या ५ मीटर व रुंदी वरीलप्रमाणें २.३ मीटर असतां, बाहेरच्या कडेस ३० सेंटिमीटर भरणारी पायरी आंतल्या कडेस जेमतेम १६ भरते. तेव्हां ‘पायरी अमुक इंच’ ही आपल्याकडील टिपणांत आढळणारी मोघम नोंद अशा जागीं निरुपयोगी होय. विजापुरास हैदरखानानें इ. स. १५८४ मध्यें बांधलेल्या उपली बुरुजास बाहेरून वळत जाणाऱ्या पायऱ्या आहेत. त्यांचें माप घेणारानेंही दोन्ही कडा मोजाव्या.

एप्रिल २००५ मध्यें स्फोटानें मलवियाचा माथा दुखावला. अशा वेळीं यंत्र नियमावरून तुटलेली जागा क्षणांत भरून देतें, व मोह होतो तो येथेंच. पोथींतील त्रुटित अक्षरें आपण कंसांत भरतों. मूळ पाठांत मिसळीत नाहीं. आमच्या मतें हाच दंडक येथें पाळावा : अनुमानानें भरलेला भाग निराळ्या रंगानें दाखवावा, व कोणता नियम लाविला तें आराखड्यासोबत लिहावें. शिवाय गवंड्याच्या हातचा कमीजास्तपणा, खचलेला भाग, मागाहूनची डागडुजी, हें सर्व नियम गुळगुळीत करून टाकतो. यास्तव प्रत्यक्ष मोजलेली व नियमावरून निघालेली उंची फेऱ्याफेऱ्यागणिक शेजारीं शेजारीं नोंदवून ठेवावी.