इवल्या पिलासाठी घराची तयारी

पळसदरीसारख्या गावात मुलांनी पॉमेरेनियनच्या पिलाचा हट्ट धरला, तर आम्ही पालकांना एकच विचारतो : तुम्ही लोकलने कामाला गेल्यावर दुपारी त्याला भरवणार कोण?

या छोट्या जातीच्या पिलांच्या रक्तातली साखर लवकर उतरते; उपाशी राहिली तर थरथरतात, कोसळतात. दिवसातून चार वेळा थोडेथोडे खाऊ घालावे. आठ आठवड्यांआतले पिलू घेऊ नये. २०१७ च्या केंद्रीय नियमांनी त्याची विक्रीच बंद केली आहे. लसींचे कार्ड मागावे, रेबीजची लस पशुवैद्यकाला विचारून वेळेवर टोचावी. घाटाखालच्या पावसात ओल लागू नये म्हणून फळीवर गोधडी अंथरावी. कांदा, द्राक्षे, चॉकलेट देऊ नये. खाटेवरून पडले तरी हाड मोडते, म्हणून मुलांनी जमिनीवर बसूनच मांडीवर घ्यावे.

आपल्याच जिल्ह्यातील महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना पाणी होते, आपल्या माणसांना नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ती बंदी मोडली. त्याच बाबासाहेबांना कुत्र्यांचा लळा होता. राग माणुसकी नाकारणाऱ्यांवर होता, मुक्या जीवावर नव्हे.

पहिले शील रोज म्हणणाऱ्या घरात पिलू खेळणे म्हणून येऊ नये. वेळ आणि औषधपाण्याचा खर्च झेपत असेल, तरच आणावे.