मळणीयंत्र आणि गड्याचा डोळा

सोयाबीन व तूर यांची मळणी यंत्रावर होऊं लागल्यापासून लातूरकडील शेतकऱ्यांचे श्रम वांचले खरे. परंतु यंत्रांतून उडालेला दाणा अथवा काडी गड्याच्या डोळ्यांत शिरल्यास भरपाई कोणीं द्यावयाची, याचा विचार फार थोडे मालक करितात.

खातेदाराचा डोळा अपघातानें गेल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखालीं (२०२३) १ लाख रुपये ठेविले आहेत. भूमिहीन मजूर तींत येत नाहीं. त्याचा आधार निराळा. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यानें पुढें यांत्रिक शक्तीनें चालणाऱ्या शेतीवरील मजूरही आपल्या कक्षेंत घेतला; तेंच तत्त्व २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत आलें आहे.

त्या कायद्याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. एक डोळा समूळ गेल्यास कमाईची शक्ति शेंकडा ४०, व बुबुळ शाबूत राहून दृष्टि गेल्यास शेंकडा ३० घटली असें धरीत. गडी ४० वर्षांचा, मजुरी महिना १०,००० रुपये, आणि एका डोळ्याची दृष्टि गेली, असें समजूं. मजुरीचे शेंकडा ६० घेऊन त्यांस वयाचा अंक १८४.१७ यानें गुणावें व त्याचे शेंकडा ३० काढावे. रक्कम ३,३१,५०६ रुपये होते! तिच्यापुढें चष्म्याची किंमत ती काय? शिवाय दिलेला चष्मा गड्यानें जाणूनबुजून दूर ठेविला, तर अशा दुखापतीची जबाबदारी मालकावर येत नसे.

काडी गेल्यास डोळा चोळूं नये. वनस्पतीच्या इजेनें बुरशीचा व्रण होतो, व दुकानांतून परस्पर आणिलेले स्टेरॉइडाचे थेंब तो चिघळवितात. त्याच दिवशीं नेत्रवैद्याकडे न्यावें आणि मजुरीची नोंद व दवाखान्याचे कागद जपून ठेवावे.