गाडीच्या काचेला फिल्म: घरी की दुकानात?

सांगलीहून सकाळी साताऱ्याला कामाला जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या गाडीवाल्याचा उजवा हात डाव्यापेक्षा जास्त रापतो. त्याचं कारण रस्ता. पेठ नाक्यापासून कराडवरून साताऱ्यापर्यंतचा महामार्ग साधारण दक्षिणोत्तर आहे. सकाळी उत्तरेकडे जाताना पूर्वेचं ऊन उजवीकडून येतं आणि संध्याकाळी खाली येताना पश्चिमेचंही उजवीकडूनच. साताऱ्यात राहून सांगलीत नोकरी करणाऱ्याचं बरोबर उलटं होतं. ऊन शेजारी बसलेल्याच्या वाट्याला जातं.

पुढच्या काचेचा यात फारसा दोष नाही. ती दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर दाबून केलेली असते आणि तो थर अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवतो. दारांच्या काचा मात्र बहुतेक गाड्यांत एकेरी, टफन केलेल्या असतात. त्यांतून अतिनील किरणांचा बराच भाग आत येतो. म्हणून फिल्मची खरी गरज असते ती दाराच्या काचांना. सुदैवाने घरी लावायला त्यातल्या त्यात सोप्या काचाही त्याच.

पण हात लावण्याआधी कायदा पाहू. २७ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोयंका यांच्या याचिकेवर निकाल दिला आणि त्या ४ मेपासून गाडीच्या काचांवर फिल्म चिकटवणंच बंद केलं, मग ती कितीही फिकट असो. तेव्हापासून ‘काळ्या काचा म्हणजे दंड’ हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. पुढे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० बदलला. १ एप्रिल २०२१ पासून सुरक्षा काचेबरोबरच ‘सेफ्टी ग्लेझिंग’ला जागा मिळाली. काचेच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा थर असलेली, भारतीय मानकात बसणारी काच त्यात येते. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने याच बदलाच्या आधारे सांगितलं की, नियमात बसणारी अशी फिल्म गाडीमालकाने लावली तर तेवढ्यासाठी दंड करता येणार नाही. हा निकाल केरळचा. तासवडे किंवा आनेवाडीच्या टोलनाक्याजवळ गाडी अडवणाऱ्या हवालदारावर तो बंधनकारक नाही, आणि त्याने तो वाचला असेलच असंही नाही. तरी नियम देशभर एकच आहे आणि त्यातले दोन आकडे ध्यानात ठेवावेत: पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के.

इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. बाजूच्या काचेला ५० टक्के चालतं ना, मग ५० ची फिल्म द्या, असं दुकानात सांगितलं जातं. पण हा आकडा नुसत्या फिल्मचा नाही, काच आणि फिल्म मिळून धरायचा. कंपनीतून येणारी काच मुळात हलकी हिरवट असते. समजा तिच्यातून ७५ टक्के प्रकाश जातो. तिच्यावर ५० ची फिल्म लावली की ७५ चे निम्मे, म्हणजे ३७.५ उरले. झालं, नियम मोडला. तिथे ७० ची लावली तर ५२.५ येतात, म्हणजे काठावर का होईना पास. पुढच्या काचेचं तर विचारूच नका. ७५ वर ९० ची, म्हणजे डोळ्याला जवळजवळ दिसणारही नाही अशी फिल्म लावली तरी ६७.५ होतात. माझ्या मते ती काच आहे तशी सोडावी. दंड पहिल्या वेळी ५०० आणि नंतर १,५०० रुपयांपर्यंत आहे, पण त्याहून त्रासाचं म्हणजे भर रस्त्यात फिल्म सोलायला लागणं.

७० ची फिल्म लावून गाडी थंड कशी राहणार, असं कुणीही विचारेल. काळेपणा आणि गारवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेचा साधारण निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो. स्वस्त, रंग दिलेली फिल्म मुख्यतः दिसणारा प्रकाश अडवते, म्हणून ती काळी दिसते आणि गाडी तापायची ती तापतेच. वर दोनचार उन्हाळ्यांत रंग उडून जांभळी पडते. सिरॅमिक फिल्ममधले बारीक कण अवरक्त किरण अडवतात आणि उजेड बराचसा आत येऊ देतात. ती महाग असते, पण कायद्यात राहून गारवा हवा असेल तर तीच घ्यावी.

जाता जाता एक सांगायला हवं. या धंद्यातलं देशात ठळक असलेलं गरवारे हे नाव आपल्याच भागातलं. आबासाहेब गरवारे मूळचे तासगावचे, म्हणजे तेव्हाच्या सातारा आणि आताच्या सांगली जिल्ह्यातले. त्यांनी सुरुवातही मोटारींच्या व्यापारातूनच केली. पूर्वीची गरवारे पॉलिस्टर, म्हणजे आताची गरवारे हायटेक फिल्म्स, छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यांत काचांच्या फिल्म बनवते.

आता हाताने लावायचं काम. साहित्य मोजकंच लागतं: फिल्म, धारदार ब्लेडचा कटर, रबरी पट्टीची स्क्वीजी, स्प्रेची बाटली, धागे न सुटणारं फडकं. बाटलीत पाणी आणि त्यात लहान मुलांच्या शांपूचे काही थेंब. पाणी बोअरचं नको. मिरज, वाळवा, पलूस या क्षारपड पट्ट्यातलं बोअरचं पाणी वाळलं की काचेवर पांढरे ठिपके राहतात, आणि इथे तर ते फिल्मखाली कायमचे अडकतील. घरातल्या आरओ फिल्टरचं पाणी घ्या.

जागा बंद हवी. ऊसतोडीच्या हंगामात कुठे तरी पाचट पेटतं आणि त्याची काळी काजळी मैलभर उडत येते. तिचा एक कण काचेवर बसला की तिथे फुगा आलाच. गॅरेजची जमीन ओली करा, पंखा बंद ठेवा, अंगावर लोकरी कपडे नकोत.

आधी काच बाहेरून धुऊन ओली करायची आणि त्याच बाजूला फिल्म पसरायची, पारदर्शक लायनर आपल्याकडे करून. लायनर कुठल्या बाजूला आहे हे कळत नसेल तर कोपऱ्याला दोन्हीकडून सेलोटेपचे तुकडे चिकटवून झटक्यात वेगळे करा. जी पातळ, बिनरंगी झिल्ली सुटते ती लायनर. काचेच्या आकारात फिल्म कापा. खाली बीडिंगच्या आत जाईल एवढी जास्त ठेवा आणि वरच्या कडेला एकदोन मिलिमीटर कमी. कड काचेच्या बरोबरीने कापली तर काच वरखाली होताना ती घासून सुटते.

मग आतली बाजू, फिल्म चिकटवायची ती इथेच. ती आपण समजतो तेवढी स्वच्छ कधीच नसते. भरपूर फवारा मारून नवं ब्लेड आडवं धरून काच खरवडा आणि स्क्वीजीने पाणी ओढा. पट्टी काचेवरून अडखळत गेली तर अजून काही तरी चिकटलेलं आहे. खालच्या मखमली बीडिंगमध्ये वर्षांची धूळ असते, ती हमखास वर येते. तिथे नुसतं पाणी ओतू नका, चिकटपट्टी लावून झाका. दारावर जाड टॉवेल टाका, नाही तर साबणाचं पाणी काचेच्या बटणांत उतरेल.

काच दोन बोटं खाली घ्या. लायनर सोलताना सोललेल्या भागावर दुसऱ्याने फवारा मारत राहावं. एकट्याने हे काम करू नये. फिल्म वरच्या कडेला नेमकी बसवा, थोडं पाणी ओढून पक्की करा, काच वर घ्या आणि मग खालचा भाग बीडिंगमध्ये सारा. आता स्क्वीजी मधून कडेकडे, एकावर एक पट्टे येतील अशी. इथे घाई केली की फिल्मला करकोचा पडतो, आणि करकोचा पुन्हा सपाट होत नाही. पहिली काच वाया जाईल असं धरूनच फिल्म जास्त घ्यावी. घरी वाचते ती मजुरी, फिल्म नव्हे.

मागच्या काचेला मात्र हात लावू नका. कलिंगडाला कागद गुंडाळायचा तशातला तो प्रकार. काच दोन्ही दिशांना वळलेली, म्हणून सपाट फिल्म तिच्यावर टाकली की कडेला घड्या पडतात. त्या हीट गनने आकसवून मोडाव्या लागतात. फिल्म रोलच्या लांबीच्या दिशेने चांगली आकसते, रुंदीच्या दिशेने फारशी नाही; तुकडा कसा टाकायचा हे कारागीर आधीच ठरवतो. हीट गन एका जागी थांबली की फिल्म जळते, कधी काचही तडकते. शिवाय आतल्या बाजूला डिफॉगरच्या बारीक तारा असतात, तिथे ब्लेड चालवलं तर त्या तुटतात. जुनी फिल्मही तिथून वाफ देऊनच सोलावी लागते. कारागिराला द्यायचे पैसे खरे या एका काचेसाठी आहेत.

दुकानात गेलात तर मोठा रोल उघडून दाखवायला सांगा. फिल्मवर कंपनीची खूण आहे का पाहा. तुमच्या काचेवर मीटर लावून आधी आणि नंतर किती टक्के येतात ते मोजून घ्या. ‘पोलीस काही करत नाहीत, डार्क टाका’ म्हणणाऱ्याकडून उठून या. बिलावर फिल्मचं नाव आणि टक्केवारी लिहून घ्या, आणि ते गाडीतच ठेवा.

फिल्म घरी लावा नाही तर दुकानात, पुढचे चारपाच दिवस काच खाली करायची नाही. ऑक्टोबरच्या उन्हात ती भराभर वाळते. जुलैत साताऱ्याच्या पावसात लावली तर आठवडे लागतात. तोवर पाण्याचे बारीक फुगे आणि दुधी छटा दिसेल. ती आपोआप जाते, नखाने दाबत बसू नये. न जाणारा फुगा ओळखायचा तर त्यावर टॉर्च धरा. मध्ये काळा कण दिसला तर ती धूळ आहे, आणि ती फिल्म असेपर्यंत तिथेच राहणार.